सांगितलं होतं ते कशासाठी? : वाचकांचे प्रश्न

कंपन्या, दुकानं, सोसायट्या आपली माहिती घेतात, साठवतात आणि पुढे तिचं काय करतात, या विषयावर प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. नावं, गावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. दोन पत्रांत पत्रलेखकांना विचारून व्यवसायाचा एखादा तपशीलही बदलला आहे. मी आधी विमा कंपनीच्या क्लेम विभागात आणि पुढे पुण्यातल्या एका आयटी कंपनीत माहिती-संरक्षणाच्या कामावर होते. दोन्हीकडे टेबलावर कागद आला की आधी एवढंच पाहायचं असे, की या माणसाने ही गोष्ट आपल्याला कशासाठी सांगितली होती. या उत्तरांतही मी तिथूनच निघाले आहे.

प्रश्न : आमचं साड्यांचं दुकान वडिलांच्या काळापासूनचं आहे. लग्नाचा बस्ता बांधायला आजूबाजूच्या तालुक्यांतून लोक येतात. बस्त्याच्या वहीत आम्ही घरचं नाव, गाव, फोन, लग्नाची तारीख आणि खरेदी किती झाली ते लिहितो. दोन वर्षांपासून मुलाने ते सगळं कॉम्प्युटरवर घेतलंय. आता लग्नासाठी कर्ज देणाऱ्या एका फायनान्स कंपनीचा माणूस ही यादी मागतो आहे, नावामागे पैसे देतो म्हणतो. मुलगा म्हणतो, हल्ली सगळेच देतात. मला ते बरं वाटत नाही, पण नेमकं काय चुकतंय ते त्याला सांगता येत नाही.

उत्तर : यादी देऊ नका. मुलाशी बोलताना जुन्या वहीचं एक पान उघडून त्याच्यापुढे ठेवा. मुलीच्या वडिलांनी लग्नाची तारीख सांगितली, ती शालूचा फॉल-पिको आणि ब्लाऊज वेळेवर हातात पडावेत म्हणून. फोन नंबर दिला, तो माल तयार झाला की कळवा म्हणून. खरेदीचा आकडा तर त्यांनी सांगितलेलाच नाही, तो तुमच्या बिलातून वहीत आला. या गोष्टी सुट्यासुट्या असतात तेव्हा फारसं काही सांगत नाहीत. एका ओळीत आल्या की त्या घराची ऐपत कळते, हात कोणत्या महिन्यात आखडलेला असेल ते कळतं, आणि घराला कुलूप लावून सगळे कार्यालयात कोणत्या दिवशी असतील तेही कळतं. फायनान्सवाल्याला पहिल्या दोन गोष्टी हव्या आहेत. यादी त्याच्याकडून पुढे कुणाकडे जाईल आणि त्याला तिसरी हवी असेल की काय, हे तुमच्या हातात राहत नाही.

आणखी एक गोष्ट मुलाला सांगा, ती त्याला पटेल. ठरलेली लग्नं मोडतात. तुमच्या दुकानात ते समजतं, कारण कुणीतरी जड पावलांनी शालू परत घ्याल का विचारायला येतं आणि तुम्ही तो खळखळ न करता परत घेता. फायनान्स कंपनीच्या यादीत ते कधीच समजत नाही. त्या घरी लग्नाच्या तारखेपर्यंत कर्जाचे फोन वाजत राहतील, आणि आपल्या मुलीची तारीख यांना सांगितली कुणी, याचा विचार करताना त्या घरातल्या माणसांना तुमचं दुकान आठवेल.

कायद्याचंही सांगते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. कागदी वही या कायद्याच्या बाहेर आहे. तीच वही कॉम्प्युटरवर चढवली की ती कायद्यात येते, त्यामुळे मुलाने दोन वर्षांपूर्वी जे केलं त्यातून दुकानावर नवी जबाबदारी येणार आहे. ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी आणि लागेल तेवढीच माहिती वापरायची, हे या कायद्याचं मुख्य सूत्र आहे.

‘सगळेच देतात’ याचं उत्तर असं, की ज्यांनी दिलं त्यांना ते भोवलंही आहे. ट्विटरने खात्याच्या सुरक्षेसाठी म्हणून लोकांचे फोन नंबर आणि ईमेल घेतले आणि ते जाहिराती नेमक्या माणसांपर्यंत पोचवायला वापरले. १४ कोटींहून अधिक लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती होती ती. मे २०२२ मध्ये अमेरिकेत त्यांना १५ कोटी डॉलर भरावे लागले. ट्विटरने तर यादी कुणाला विकलीसुद्धा नव्हती, फक्त वापराचं कारण बदललं होतं. आपल्याकडेही मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना बजावलं, की बिल करण्यासाठी ग्राहकाच्या मोबाइल नंबरचा आग्रह धरणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

फायनान्सवाल्याला मदतच करायची असेल तर त्याची पत्रकं गल्ल्याशेजारी ठेवू द्या, ज्याला हवं तो उचलेल. लग्न पार पडून हिशेब मिटला की कॉम्प्युटरमधून तारीख आणि रक्कम काढून टाका. जीएसटीसाठी ठेवायची बिलं निराळी असतात, ती ठेवा. नव्या मालाचे निरोप पाठवायचे असतील तर बिल करताना ‘पाठवू का?’ असं तोंडी विचारा आणि हो म्हणणाऱ्यांचीच नावं त्या यादीत घाला. यादी लहान होईल, पण त्या निरोपाला उत्तरं जास्त येतील.

प्रश्न : मी एका कारखान्याच्या एचआरमध्ये आहे. आमचा ग्रुप मेडिक्लेम आहे. टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडून, दर महिन्याला क्लेमचा एमआयएस (गोषवारा) एक्सेलमध्ये येतो. त्यात कर्मचाऱ्याचं नाव, आजार, हॉस्पिटल आणि रक्कम असते. अप्रेजलच्या तोंडावर साहेबांनी सांगितलं आहे, की हृदयविकार, मानसोपचार, बाळंतपण आणि वंध्यत्वाचे उपचार झालेल्यांची वेगळी यादी काढ, मॅनपॉवर प्लॅनिंगसाठी हवी आहे. यादी मी अजून दिलेली नाही. कामाचा व्याप सांगून टाळते आहे, पण असं किती दिवस चालणार? मी नाही म्हणू शकते का?

उत्तर : हो, म्हणू शकता. टाळत राहू नका, कारण टाळलेलं काम दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं जाईल.

क्लेमची फाइल काय असते ते मी जवळून पाहिलं आहे. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टर जे लिहितात ते पुष्कळदा घरच्यांनाही ठाऊक नसतं. आधी झालेला गर्भपात, सोडलेली दारू, झोपेच्या गोळ्या, कुठल्याशा तपासणीचा निकाल. माणसाने ते सगळं पाकिटात घालून पाठवलेलं असतं, कारण त्याशिवाय हॉस्पिटलचं बिल मंजूर होत नाही. त्याच्यापुढे दुसरा मार्ग नसतो. असा मार्ग नसताना दिलेल्या माहितीला इतर कुठल्याही माहितीपेक्षा जास्त जपायला हवं, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या साहेबांना हवी असलेली यादी म्हणजे त्या पाकिटांतले कागद बाहेर काढून बढतीच्या टेबलावर मांडणं आहे.

नव्या कायद्यात मालकाला पुरेशी मोकळीक आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. नोकरीच्या कारणासाठी लागणारी माहिती कर्मचाऱ्याची वेगळी संमती न घेता वापरता येते, असं त्यात म्हटलं आहे, आणि ‘नोकरीचं कारण’ हे शब्द हवे तसे ताणणारे लोक असतात. मला ही त्या कायद्यातली मोठी उणीव वाटते. पण दुसरे कायदे आहेत. एचआयव्ही-एड्सविषयीचा २०१७ चा कायदा नोकरीतल्या भेदभावाला मनाई करतो. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला त्या कारणाने कामावरून काढता येत नाही, हे आपल्याकडे १९६१ पासून कायद्यात आहे. उद्या कुणी बढती नाकारली म्हणून कोर्टात गेलं, तर तुम्ही काढलेली यादी कंपनीविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरेल. साहेबांना हा मुद्दा लवकर समजेल.

जर्मनीतलं एक प्रकरण त्यांना आवर्जून सांगा. एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीचं न्यूरेंबर्गला सेवा केंद्र होतं. कर्मचारी सुट्टीवरून किंवा आजारपणातून परतला की वरिष्ठ त्याच्याशी ‘वेलकम बॅक’ म्हणून गप्पा मारायचे. त्या गप्पांतून आजाराची लक्षणं, निदान, सुट्टीतले अनुभव असं बरंच काही टिपून ठेवलं जायचं. काही वरिष्ठ जाता-येता झालेल्या बोलण्यातून घरातले वाद आणि धर्मश्रद्धाही नोंदवत होते. जवळपास ५० व्यवस्थापकांना ते वाचता येत होतं आणि नोकरीविषयीचे निर्णय त्यावरून होत होते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एका तांत्रिक चुकीमुळे ही सगळी नोंदवही काही तास कंपनीत सगळ्यांना दिसली आणि बोभाटा झाला. पुढच्या वर्षी हॅम्बुर्गच्या माहिती-संरक्षण आयुक्तांनी साडेतीन कोटी युरोंच्या वर दंड केला. मला त्यात दंडापेक्षा त्या गप्पांचं जास्त वाईट वाटतं. ‘कसं वाटतंय आता?’ असं साहेबाने विचारल्यावर ज्याने भरल्या डोळ्यांनी खरं सांगितलं असेल, तो पुन्हा कुणाला खरं सांगेल का?

आता करायचं काय ते सांगते. साहेबांना आधी तोंडी आणि लगेच ईमेलवर विचारा, की प्लॅनिंगसाठी नेमका कुठला निर्णय घ्यायचा आहे. बहुतेक वेळा खरी गरज ‘पुढच्या सहा महिन्यांत साधारण किती माणसं रजेवर असतील’ एवढीच निघते, आणि त्याला नावं लागत नाहीत. ईमेलमध्ये असं लिहा : ‘क्लेमची माहिती कर्मचाऱ्यांनी विम्यासाठी दिलेली आहे. ती अप्रेजलच्या काळात नावानिशी काढणं कंपनीला अडचणीत आणू शकतं. मी विभागवार एकूण रजेचे आकडे देऊ शकते. नावांची यादी हवी असल्यास विधी विभागाचा लेखी अभिप्राय घेऊ या का?’ भाषा इतकीच सौम्य ठेवा. विधी विभागाचं नाव निघाल्यावर अशा मागण्या कशा विरघळतात ते मी अनेकदा पाहिलं आहे.

आकडे देतानाही जपा. सात जणांच्या विभागात ‘मानसोपचार : १’ असं लिहिलं तर नाव न लिहिताही नाव सांगितल्यासारखं होतं. आमच्याकडे दहापेक्षा लहान गटाचा आकडा दाखवायचाच नाही, असा दंडक मी घालून घेतला होता.

आणि मूळ झरा बंद करा. टीपीएला कळवा, की पुढच्या महिन्यापासून एमआयएसमध्ये नाव, कर्मचारी क्रमांक आणि आजार हे रकाने नकोत. पॉलिसीच्या नूतनीकरणाला एकूण क्लेमची रक्कम, क्लेमची संख्या आणि वयोगट पुरतात. तुमच्या इनबॉक्समध्ये जे येतच नाही ते कुणी तुमच्याकडे मागू शकत नाही. जुन्या फाइली कुठेकुठे पडून आहेत तेही बघा, शेअर्ड ड्राइव्हवर नक्की असतील.

प्रश्न : माझ्या भाच्याने मोबाइलवरच्या कुठल्याशा अ‍ॅपवरून कर्ज घेतलं आणि हप्ते थकवले. आता वसुलीवाले मला फोन करतात, वाटेल ते बोलतात. मी जामीन नाही, सही केलेली नाही, अ‍ॅपही कधी पाहिलं नाही. माझा नंबर त्यांना कुणी दिला? मी निवृत्त शिक्षिका आहे, फोनची रिंग वाजली तरी धडकी भरते.

उत्तर : बाई, नंबर भाच्याच्या फोनमधून गेला. अ‍ॅप घेताना त्याने ‘अलाऊ’ दाबलं तेव्हा त्याच्या फोनमधले सगळे संपर्क त्या कंपनीकडे गेले असणार. तुमच्या वतीने हो म्हणायचा अधिकार त्याला नव्हता, पण त्या पडद्यावर तो प्रश्न कुणी विचारत नाही. फेसबुकवरच्या एका प्रश्नावलीच्या अ‍ॅपमधून केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे लोकांची माहिती गेली तेव्हाही असंच झालं होतं. फेसबुकनेच २०१८ मध्ये सांगितलं, की ते अ‍ॅप भारतात फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं, आणि मित्रयाद्यांच्या वाटेने झळ पोचण्याची शक्यता होती ती आणखी ५,६२,१२० लोकांना.

रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या सूचनांमध्ये स्पष्ट सांगितलं आहे, की कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधले संपर्क, कॉलची यादी, फोटो आणि फाइली यांना हात लावायचा नाही. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, कर्जदाराच्या नातेवाइकांना, मित्रांना त्रास द्यायचा नाही, हेही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बजावलं आहे. त्यामुळे तुम्हाला येणारा फोन सकाळी दहाला आला तरी चुकीचाच आहे.

भाच्याकडून कर्ज देणाऱ्या मूळ बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं नाव काढून घ्या, ते कर्जाच्या कागदात असतं. त्या संस्थेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कर्जाच्या कागदात अशी कुठलीच संस्था सापडली नाही तर अ‍ॅपच बेकायदा असण्याची शक्यता मोठी. मग रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. धमकी दिली, फोटो बदलून पाठवला, तर वाट न पाहता पोलीस ठाणं गाठा. फोनवर त्यांच्याशी वाद घालू नका, ‘माझा या कर्जाशी संबंध नाही, तक्रार केली आहे’ एवढंच एकदा सांगून ठेवून द्या. आणि भाच्याला रागावून दूर लोटू नका. या अ‍ॅपवाल्यांच्या बोलण्याने पोरं जिवाचं बरंवाईट करून घेतात, त्याला आज तुमच्यासारख्या माणसाची गरज आहे.

प्रश्न : मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, नोकरीला लागून फार दिवस झालेले नाहीत. आमची कंपनी बँका आणि वित्तसंस्थांसाठी केवायसीची कागदपत्रं तपासून देते. एक जुनं काम आवरताना मला दिसलं, की आधार आणि पॅनच्या फोटोंचा एक क्लाउडवरचा साठा कित्येक महिने पासवर्डशिवाय उघडा होता. लिंक ठाऊक असलेला कुणीही पाहू शकला असता. मी वरिष्ठांना सांगितलं, त्यांनी तासाभरात तो बंद केला आणि म्हणाले, ‘कुणी डाउनलोड केल्याचा पुरावा नाही, तेव्हा विषय इथेच संपला.’ ज्यांची कागदपत्रं होती त्यांना काहीच कळवलेलं नाही. मी गप्प बसणं बरोबर आहे का?

उत्तर : नाही. पण तुम्ही एकट्याने छाती काढून बाहेर पडावं असंही मी म्हणणार नाही, कारण घर तुमच्या पगारावर चालत असेल.

‘पुरावा नाही’ या वाक्यापासून सुरू करू. वरिष्ठांना विचारा, त्या साठ्याची अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे तो कुणी केव्हा उघडला याची नोंद, चालू होती का? बहुतेक ती बंद असणार, कारण जो साठा उघडा राहिल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही त्याची लॉग कोण बघत बसणार. लॉग नसेल तर कुणी नेलं की नाही हे सांगताच येत नाही. दार उघडं होतं आणि आत कोण आलं हे बघायला कुणी नव्हतं, एवढंच खरं आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांप्रमाणे सगळ्या यंत्रणांच्या लॉग चालू ठेवणं आणि १८० दिवस सांभाळणं बंधनकारक आहे. लॉगच नव्हती असं उत्तर आलं तर तोही एक भंग आहे. त्याच निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते.

दुसरी गोष्ट, ही कागदपत्रं तुमच्या कंपनीची नाहीतच. ती बँकांच्या ग्राहकांनी बँकांना दिली आणि बँकांनी तपासायला तुमच्याकडे पाठवली. अशा करारांत सुरक्षेचा भंग झाल्यास बँकेला अमुक वेळात कळवण्याचं कलम असतंच. नव्या कायद्यात तर तुमच्यासारख्या कंपनीकडून घडलेल्या गोष्टीलाही मूळ बँकच जबाबदार धरली जाणार आहे, आणि ज्यांची माहिती फुटली त्यांना व डेटा संरक्षण मंडळाला न कळवल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे आज ज्या बँकेच्या डोक्यावर जोखीम आहे तिला ती जोखीम आहे हेच माहीत नाही. वरिष्ठांशी पुन्हा बोलाल तेव्हा नीतीच्या गोष्टीने सुरुवात करू नका, ‘करारातलं हे कलम आपण पाळलं का?’ असं विचारा.

नीतीचं मी इथे बोलते. ज्यांचं आधार कार्ड उघड्यावर होतं, त्यांना ते आज कळलं तर ते काहीतरी करू शकतात. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं. सिबिलसारख्या संस्थेकडून वर्षातून एकदा फुकट मिळणारा क्रेडिट अहवाल मागवून आपल्या नावावर अनोळखी कर्ज तर नाही ना, हे पाहता येतं. अनोळखी फोन आला तर सावध राहता येतं. कंपनी गप्प बसते तेव्हा ती त्यांच्या हातातला हा वेळ काढून घेते. वर्षभराने एखाद्याच्या दारात न घेतलेल्या कर्जाची नोटीस येईल आणि हे कुठून आलं हे त्याला आयुष्यभर कळणार नाही. हे मला फार गंभीर वाटतं, म्हणून एवढं लिहिते आहे.

एअर इंडियाच्या प्रवाशांची माहिती २०२१ मध्ये फुटली, तीही प्रवासी प्रणाली सांभाळणाऱ्या सीटा या बाहेरच्या कंपनीकडून. जगभरातले ४५ लाख प्रवासी त्यात होते. पण एअर इंडियाने ते प्रवाशांना कळवलं आणि कोणत्या तारखांमधली माहिती गेली तेही सांगितलं : २६ ऑगस्ट २०११ ते ३ फेब्रुवारी २०२१. जवळजवळ दहा वर्षांची माहिती का ठेवली होती, हा प्रश्न लोकांना विचारता आला, तो कळवलं म्हणूनच. तुमचा तो ‘जुन्या कामाचा’ साठाही काम संपल्यावर का ठेवला होता, हे एकदा विचारा.

तुम्ही काय करायचं? जे पाहिलं ते तारीखवार लिहून ठेवा : केव्हा दिसलं, कुणाला सांगितलं, काय उत्तर मिळालं. पुरावा म्हणून ग्राहकांची कागदपत्रं मात्र स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा फोनवर घेऊ नका. एक स्क्रीनशॉटही नको. तसं केलंत तर माहिती बाहेर नेणारे तुम्ही ठराल, आणि करार मोडून वैयक्तिक माहिती उघड करण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. समाजमाध्यमांवर एक ओळही लिहू नका.

मग माहिती-सुरक्षा प्रमुखांना आणि कंपनीत माहिती-संरक्षण अधिकारी असेल तर त्यांना मेल करा. प्रश्नाच्या स्वरात लिहा, आरोपाच्या नको. उत्तर आलं नाही आणि कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे तिथे व्हिजिल मेकॅनिझम, म्हणजे गैरप्रकार कळवण्याची सोय, असायलाच हवी, आणि गरज पडल्यास तुम्ही थेट ऑडिट समितीच्या अध्यक्षांना लिहू शकता. नोंदलेली नसेल तर वाट अवघड आहे. खासगी कंपनीतल्या अशा माणसाला जपणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, आणि तुम्हाला खोटा धीर द्यायची माझी इच्छा नाही. बँकेला किंवा सर्ट-इनला स्वतः कळवण्याआधी एखाद्या वकिलाला तुमचं नेमणूकपत्र आणि गोपनीयतेचा करार दाखवा. आई-वडिलांशी, जोडीदाराशी बोला. नोकरी बदलायची तयारी आधी करून मग हे पाऊल टाकलंत तर त्यात भित्रेपणा नाही.

प्रश्न : ताई, माझी आई एका मोठ्या सोसायटीत चार घरी काम करते. मी कॉलेजला आहे. तिथे गेटवर अ‍ॅप आहे. आईचा फोटो, नंबर, आधारची कॉपी, रोज ती किती वाजता आली आणि गेली, सगळं त्यात आहे. घरवाले तिला स्टार पण देतात. एका घराने तिला कमी स्टार दिले, कारण तिने पगारवाढ मागितली होती. आता नवीन घर मिळेना. आईला ते स्टार दिसत नाहीत, कारण तिच्याकडे ते अ‍ॅपच नाही. असं चालतं का?

उत्तर : तुझ्या पत्राने मला अस्वस्थ केलं. तुझ्या आईविषयीची नोंद तिच्याशिवाय सगळ्यांना दिसते, आणि तिची रोजीरोटी त्या नोंदीवर ठरते. हे चालू देऊ नये.

खासगीपणा हा श्रीमंतांचा लाड आहे, गरिबाला त्याचं काय, असं म्हणणारे लोक असतात. २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं, तेव्हा हा युक्तिवादही तिथे झाला होता आणि तो न्यायालयाने फेटाळला. गेटमधून मोटारीने येणाऱ्या माणसाचा आणि तुझ्या आईचा हक्क सारखाच आहे.

सोसायटीला सुरक्षेसाठी नाव, फोटो, कोणत्या घरी काम आहे आणि येण्याजाण्याची वेळ लागते, एवढं मी मान्य करते. आधारची कॉपी गेटवर ठेवायचं कारण नाही, एकदा पाहून परत द्यावी. येण्याजाण्याच्या नोंदी महिनाभर ठेवल्या तरी पुरे. स्टारचा सुरक्षेशी काहीच संबंध नाही. तिची माहिती पाहणं, चुकीची असेल तर दुरुस्त करून घेणं, गरज संपल्यावर पुसायला लावणं, हे हक्क नव्या कायद्याने तिला दिले आहेत. कशासाठी माहिती घेतो ते मराठीत वाचायला मागायचाही हक्क आहे. कायद्यातली ही कलमं अजून पूर्ण लागू व्हायची आहेत, पण कमिटीला सुधारायला कायद्याची तारीख लागत नाही. अ‍ॅपमध्ये काय चालू ठेवायचं आणि काय बंद, हे पुष्कळदा कमिटीलाच ठरवता येतं.

आईच्या नावाने सेक्रेटरींना अर्ज लिहून दे. ‘मी अमुक सालापासून आपल्या सोसायटीत घरकाम करते. अ‍ॅपमध्ये माझी कोणकोणती माहिती आहे ती मला छापून द्यावी. माझ्या आधारची कॉपी काढून टाकावी. घरकाम करणाऱ्यांना स्टार देण्याची सोय बंद करावी, आणि ते होईपर्यंत माझे स्टार मला दाखवून त्यावर माझं म्हणणं नोंदवून घ्यावं. हा विषय कमिटीच्या पुढच्या सभेत घ्यावा, ही विनंती.’ इतकं बास. त्या एका घराचं नाव अर्जात घेऊ नका, नाहीतर विषय भांडणाचा होतो आणि स्टारचा राहून जातो.

अर्ज एकटीचा नको. तिथे काम करणाऱ्या आणखी बायका, ड्रायव्हर, गाडी धुणारे यांना विचार, त्यांचंही सगळं त्याच अ‍ॅपमध्ये आहे. ज्या तीन घरांशी आईचं चांगलं आहे, त्यांतल्या एखाद्या काकूंना हा विषय सभेत मांडाल का, असं विचार. फ्लॅटचा मालक बोलला की कमिटी ऐकते, हे कटू आहे पण खरं आहे. अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर सोसायटीच्या ऑफिसचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. महिन्याभरात काही हललं नाही तर मला पुन्हा लिही, आपण पुढचं पत्र अ‍ॅपच्या कंपनीला लिहू.